सव्वा किलोला जरा कमी

दरवर्षी जानेवारीत नावं लिहायचं काम माझ्याकडे.
चित्रकलेची बाई, अक्षर बरं,
आणि घरी वाट बघणारं कुणी नाही
असा सगळ्यांचा समज.
'आदर्श नेतृत्व सन्मान, विद्यार्थिनींच्या प्रेरणेसाठी'
एवढं मेनरोडवरून छापून येतं.
खालची रिकामी ओळ माझी.

यंदा तिघी.
निलोफर कोकणी, पाणीपुरवठ्याच्या उपअभियंता:
एका दमात उतरल्या.
डॉ. मृदुला बेदरकर: टिंब जरा पसरलं,
मी त्याचं फूल केलं.
तिसऱ्या ठकूबाई पानगव्हाणे, लासलगाव.
यादीत हुद्द्याच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीनं
'कांदा'
एवढंच लिहिलेलं.

फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टर.
"हुद्दा काय लिहू?"
"आम्ही निवडतो."
"निवडणूक?"
"नाही वो बाई. गोल्टी एकीकडं, मोठा एकीकडं, सडका पाटीत."
मी दोन बोटं जागा सोडून दिली.

जेलरोडच्या आमच्या पटांगणात सकाळी
अशी थंडी असते की भाषणंसुद्धा आखडावीत.
आखडली नाहीत.
प्रमुख पाहुण्यांनी गगनभरारी घेतली, दोनदा.
मुली मांडी बदलत राहिल्या.
ठकूबाई खुर्चीच्या कडेला टेकलेल्या,
नव्या साडीची घडी अजून उभी,
नखांच्या कडांना तो तांबूस रंग
जो साबणाला दाद देत नाही.

ट्रॉफी दिली. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.
त्यांनी बघितलं नाही.
ट्रॉफी एका तळहातावर घेतली, मग दुसऱ्या,
जराशी झुलवली,
आणि म्हणाल्या,
"सव्वा किलोला जरा कमी. आतून पोकळ."

हसू आठवीच्या रांगेतून उठलं
ते थेट शिक्षकांत घुसलं.
ट्रॉफीचे देणगीदार बुटाची लेस बघू लागले.

मग शेजारणीला सांगावं तसं सांगितलं:
गोणी पन्नासाची म्हणायचे. मजुरी पन्नासाची.
माझी कंबर म्हणायची, त्रेपन्न.
सात वर्षं कंबरेचं ऐकलं नाही.
एक दिवस गोणी उचलली
ती गाडीत न टाकता काट्यावर नेऊन ठेवली.
त्रेपन्न किलो चारशे.
मागं वळले तर बाया उभ्या,
जिची तिची गोणी घेऊन.
पुढचं सांगत बसले तर तुमची शाळा सुटेल.

आठवी ब मधल्या श्रावस्ती गांगुर्डेचा हात वर.
प्रश्नांची वेळ कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.
"भीती नाही वाटली?"
"तेव्हा काटा बघत होते.
भीती संध्याकाळी वाटली. भाकरी थापताना.
दोन करपल्या."

जाताना ट्रॉफी माझ्याकडे दिली.
"घरी फळी नाही. इथंच ठेवा, पण कुलपात नको.
पोरींना उचलू द्या."
सन्मानपत्र मात्र पदराखाली धरून नेलं.
त्या दोन बोटं जागेत काय लिहू, विचारायचं राहिलं.

आता मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत गर्दी असते.
प्रयोगशाळेचा काटा कुणी आणला ते मी विचारत नाही.
डबा, कंपासपेटी, एकमेकींची दप्तरं,
आधी हातावर, मग काट्यावर.
"तुझं सहा किलो दोनशे गं, निम्मं तर गाईडच."
ट्रॉफीचा एक कान निघाला,
मी फेविक्विकनं चिकटवला, जरा वाकडा.

काल पुढच्या वर्षीचे कोरे कागद आले.
यंदा पाच जणी आहेत, मुख्याध्यापिका म्हणाल्या,
तुम्ही काय, बसल्या बसल्या कराल.
मी गठ्ठा तळहातावर घेतला,
जरासा झुलवला.
"तीन रविवार," म्हणाले,
"आणि वर थोडं."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
मी गठ्ठा टेबलावर ठेवला,
त्यांच्या बाजूला.